बुंदीचा घास

बुंदी जेवते ती बसून. माणसासारखी, प्लायवूडच्या उंच खुर्चीत पाठ टेकवून, पुढचे पाय फळीवर ठेवून. सिडकोतल्या आमच्या घरात दिवसातून तीन वेळा मी तिच्यासमोर स्टूल टाकून बसतो. खाणं संपलं तरी वीस मिनिटं तिला उतरू द्यायचं नसतं. त्या वीस मिनिटांत मी आधी रील्स बघायचो, मग तिच्या आजाराचा इतिहास वाचायला लागलो.

आजार मेगाइसोफॅगस. अन्ननलिका सैल पडून पिशवीसारखी फुगते, घास पुढे ढकलणारी लाट उठतच नाही. अन्न छातीत साठतं आणि कधीतरी परत येतं. ही उलटी नव्हे. उलटीत पोट ढवळून निघतं. इथे कुत्रं नुसती मान खाली घालतं आणि न पचलेला घास फरशीवर पडतो. हा फरक कळायला आम्हाला दोन महिने लागले. तोवर उलटीच्या गोळ्या चालू होत्या आणि बुंदीच्या बरगड्या मोजता येत होत्या.

शेवटी बेरियम पाजून एक्सरे काढला. याची सुरुवातही एका कुत्र्यापासूनच झाली, हे मला नंतर कळलं. रोंटगेनला क्ष-किरण सापडले 1895 च्या नोव्हेंबरात. पुढच्याच वर्षी, 9 डिसेंबर 1896 ला, हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन आणि अल्बर्ट मोझर या दोन विद्यार्थ्यांनी एका कुत्र्याला शिंपल्याचं बटण गिळायला दिलं आणि ते खाली सरकताना पडद्यावर पाहिलं. पुढे कॅनन अन्नात बिस्मथ कालवू लागला. बेरियम त्याच वाटेने आलं. बुंदीच्या फिल्मवर छातीत साचलेलं पांढरं तळं बघताना आता ते बटण आठवतं.

त्याच्या कितीतरी आधी, 1674 च्या ग्रंथात, थॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने घास खाली न उतरणाऱ्या एका माणसाची हकिकत लिहिली आहे. विलिसने त्याला देवमाशाच्या हाडाची काठी करून दिली, टोकाला स्पंजचा गोळा. जेवलं की काठीने अन्न खाली ढकलायचं. तो माणूस असा पंधरा वर्षं जगला! मला औषधापेक्षा हा जुगाड जास्त पटतो, इंजिनिअर आहे म्हणून असेल.

बुंदीला मात्र ती काठी चालणार नाही. त्या माणसाचं खालचं दार उघडत नव्हतं, हिची नळीच थकलेली. शिवाय माणसाच्या अन्ननलिकेच्या खालच्या भागातले स्नायू वेगळ्या जातीचे, कुत्र्याचे वरपासून खालपर्यंत हातापायांसारखे. त्यामुळे पोटाची हालचाल वाढवणारी नेहमीची औषधंही इथे फारशी लागू पडत नाहीत. उरतं गुरुत्वाकर्षण. अमेरिकेतल्या बेली नावाच्या कुत्र्यावरून या खुर्चीला बेली चेअर म्हणतात. आमची सुतारकाकांनी फोनवरचा फोटो बघून केली.

पावसाळ्यात अन्न श्वासनलिकेत जाऊन तिला दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी हळूच विचारलं, "सोडवायचं का तिला?" बाबा म्हणाले, "हाल बघवत नाहीत रे." ते निर्दयपणे बोलत नव्हते, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एक आठवडा मागून घेतला.

आजी पैठणची. तिने नामदेवांची गोष्ट काढली: कुत्र्याने भाकरी पळवली, तर कोरडी कशी खाईल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. "तू तूप देऊ नकोस," ती म्हणाली, "भाकरी पातळ कर." पातळ चालते की गोळे, हे प्रत्येक कुत्र्याचं वेगळं असतं. बुंदीला पातळ चाललं.

तो आठवडा मार्चमध्ये होऊन गेलेल्या पहिल्या न्यूमोनियापेक्षा कठीण गेला, पण गेला. आता माझी मीटिंग लांबली की आजी खुर्ची धरून बसते. घड्याळ बघत नाही. तिचा हरिपाठ होईपर्यंत बुंदीला उतरू देत नाही.