टॅलाडेगा, १९६९ : ज्या शर्यतीतून चालकच निघून गेले

१३ सप्टेंबर १९६९, शनिवारची संध्याकाळ. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, टॅलाडेगा येथील नव्याकोऱ्या धावपट्टीवर दुसऱ्या दिवशी पहिली मोठी शर्यत व्हायची होती. तिकिटे विकली गेली होती, प्रेक्षकांचे तांडे येऊन पोहोचत होते. आणि नेमक्या त्या वेळी देशातले सर्वांत नामांकित चालक आपल्या गाड्या मालवाहू ट्रकांवर चढवून घराची वाट धरत होते.

हा थ्रेड त्या संपाविषयी, आणि संप होऊनही झालेल्या शर्यतीविषयी.

स्टॉक कार म्हणजे मूळची बाजारात विकली जाणारी साधी मोटार. तिला शर्यतीसाठी घडवायचे आणि पळवायचे, हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचा जुना नाद. त्याला शिस्त आणि धंद्याचे रूप दिले बिल फ्रान्स यांनी. १९४८ मध्ये त्यांनी नॅसकार ही संस्था स्थापन केली. नियम तिचे, बक्षिसे तिची, शिक्षाही तिचीच. टॅलाडेगाची धावपट्टीही फ्रान्स यांचीच निर्मिती होती, त्यामुळे येथे नियामक आणि जागेचा मालक एकच होता. पुढचे सारे रामायण समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

ही धावपट्टी अजस्र होती. एक फेरी २.६६ मैलांची, म्हणजे सुमारे ४.३ किलोमीटरची, डेटोनाच्या प्रसिद्ध धावपट्टीहूनही मोठी. वळणांवर तिचा उतार ३३ अंशांचा. अशा उतारामुळे गाडीला वळणावरही वेग फारसा कमी करावा लागत नाही. पण तो वेग फुकट मिळत नाही. वळताना गाडी उतारावर दाबली जाते, टायरांवरचा भार तिच्या वजनाच्या कितीतरी पुढे जातो, रबर तापते आणि अखेर त्याचे थर सुटू लागतात. चार्ली ग्लॉट्झबाखने ताशी १९९.४६६ मैलांचा, म्हणजे ३२० किलोमीटरहून अधिक वेग गाठला. त्या वेगाला टिकेल असा टायर तेव्हा कोणाकडेच नव्हता. मोजक्या फेऱ्यांत टायरांच्या चिंध्या होत होत्या. फायरस्टोन कंपनीने तर या शर्यतीतून अंगच काढून घेतले.

चालकांची भीती हवेतली नव्हती. सप्टेंबर १९६४ मध्ये जिमी पार्ड्यू शार्लट येथे आणि जानेवारी १९६५ मध्ये बिली वेड डेटोना येथे मरण पावला. दोघेही शर्यतीत नव्हे, टायरांच्या चाचणीत गेले. त्यांच्यासोबत धावलेली माणसेच १९६९ साली टॅलाडेगाच्या गॅरेजमध्ये उभी होती.

संघटनेची जखमही जुनी होती. १९६१ मध्ये कर्टिस टर्नर आणि टिम फ्लॉक यांनी चालकांना टीमस्टर्स या बलाढ्य कामगार संघटनेत नेण्याचा प्रयत्न केला, तेव्हा फ्रान्स यांनी दोघांवर आजन्म बंदी घातली. टर्नरवरची बंदी १९६५ मध्ये उठली, पण धडा सर्वांच्या लक्षात राहिला होता. म्हणूनच ऑगस्ट १९६९ मध्ये चालकांनी स्वतःची संघटना उभारली ती गुपचूप. अध्यक्ष झाला रिचर्ड पेट्टी. १९६७ च्या एकाच हंगामात २७ शर्यती जिंकणारा हा माणूस खेळाचा अनभिषिक्त राजा होता. त्याच्यावर बंदी घालणे म्हणजे स्वतःच्याच तिजोरीला कुलूप लावणे. मागण्याही साध्याच होत्या : निवृत्तिवेतन, विमा, बक्षिसांत न्याय्य वाटा, सुरक्षितता.

चालकांनी शर्यत पुढे ढकलण्याची विनंती केली. फ्रान्स यांचे उत्तर मोठे नाट्यमय होते. वयाच्या ५९ व्या वर्षी त्यांनी स्वतः शर्यतीची गाडी काढली आणि ताशी १७५ मैलांच्या आसपास वेगाने पट्टीवर फेऱ्या मारल्या. मला जमते, तर तुम्हाला का नाही? सवाल बिनतोड वाटतो, पण आहे फसवा. मोकळ्या पट्टीवर एकट्याने काही फेऱ्या मारणे वेगळे. ताशी वीस-पंचवीस मैल अधिक वेगाने, गाड्यांच्या गर्दीत ५०० मैल काढणे वेगळे.

शनिवारी गॅरेजमध्ये फ्रान्स आणि पेट्टी समोरासमोर आले. धावायचे नसेल त्यांनी निघावे, शर्यत मात्र होणारच, ही फ्रान्स यांची भूमिका. तीसहून अधिक चालक निघून गेले. नामांकितांपैकी बॉबी आयझॅक तेवढा थांबला.

रविवारी ३६ गाड्या सुटल्या. निम्म्याहून अधिक गाड्या आदल्या दिवशीच्या दुय्यम शर्यतीतल्या, कॅमॅरो-मस्टँगसारख्या लहान. टायर बदलता यावेत म्हणून अधूनमधून पिवळा झेंडा दाखवून शर्यत मुद्दाम संथ केली जात होती. प्रेक्षकांना तिकिटाचा तुकडा जपून ठेवण्यास सांगितले गेले. त्यावर पुढे डेटोना किंवा टॅलाडेगाची एक शर्यत पाहता येणार होती. फ्रान्स यांच्या व्यापारी बुद्धीला येथे दाद द्यावीच लागते.

जिंकला रिचर्ड ब्रिकहाउस, उत्तर कॅरोलायनाचा २९ वर्षांचा चालक. तो संघटनेचा सदस्य होता. राजीनामा देऊन तो गाडीत बसला, कारण एरवी त्याच्या वाट्याला कधी न येणारी, क्रायस्लरचे पाठबळ असलेली पंखवाली डॉज चार्जर डेटोना समोर उभी होती. त्याला फितूर म्हणणे सोपे आहे. पण पेट्टीला नकार परवडत होता, ब्रिकहाउसला ती संधी पुन्हा मिळालीच असती याची खात्री कोण देणार? त्या पातळीवरचा तो त्याचा एकमेव विजय ठरला. दुसऱ्या आलेल्या जिम व्हॅन्डिव्हरने मात्र फेऱ्यांची मोजणी चुकली, खरा विजेता आपणच, असा दावा केला. त्याच दिवशी रिचर्ड चिल्ड्रेस नावाचा एक तरुण पहिल्यांदा या पातळीवर धावला. पुढे तो संघमालक झाला आणि डेल अर्नहार्टने सातपैकी सहा विजेतेपदे त्याच्याच गाड्यांतून मिळवली.

गंभीर अपघात एकही झाला नाही. फ्रान्स यांचे म्हणणे त्यामुळे खरे ठरल्यासारखे दिसले. वास्तविक संथ गाड्या आणि ठरवून घेतलेले थांबे यांनीच शर्यत वाचवली. म्हणजे चालक जे सांगत होते, त्याची ती कबुलीच होती.

आठवडाही उलटला नाही तोच संपकरी चालक पुढच्या शर्यतीला हजर झाले. नॅसकारने प्रवेश-अर्जात कलम घातले : नाव नोंदवले की धावण्याची बांधिलकी आली. काही वर्षांतच संघटना विरून गेली.

मार्च १९७० मध्ये टॅलाडेगाच्याच पट्टीवर, चाचणीच्या वेळी, बडी बेकरने ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॅसकारने इंजिनाकडे जाणारी हवा अडवणारी चकती सक्तीची करून वेगाला स्वतःच लगाम घातला. त्या वर्षी टॅलाडेगाच्या दोन्ही शर्यती पीट हॅमिल्टनने जिंकल्या. त्याची गाडी पेट्टींच्या गॅरेजमधली होती.