तिथीच्या पाऊणपटीपासून
(एका वाचनयादीची प्रस्तावना)

महाशिवरात्रीच्या यात्रेत कुणकेश्वरला समुद्रस्नानासाठी उतरायचे, तर भरती किती वाजता हे सांगायला किनाऱ्यावरच्या जाणत्याला छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. माघ कृष्ण चतुर्दशी; चौदाची पाऊणपट साडेदहा; म्हणजे साडेदहाच्या सुमारास पूर्ण भरती. अमावास्या तोंडावर, म्हणून पाणी उधाणाचे. अष्टमीच्या आसपास असते तर भांग, म्हणजे कमी चढणारे पाणी. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस, तेव्हा ठोकताळा थोडे हातचे सोडतो. किती सोडतो, हे भारतीय सर्वेक्षण विभागाचे वार्षिक भरती-ओहोटीचे तक्ते शेजारी ठेवून कुणालाही तपासता येते. विज्ञान, वैद्यक आणि हवामान यांच्या इतिहासात नव्याने येणाऱ्याला मी याच दाराने आत या म्हणेन. ऐकीव गोष्ट आणि तारीखवार कागद एकमेकांसमोर बसवायचे, एवढीच या यादीची रीत आहे.

कुणकेश्वरच्या देवगड तालुक्याला ही रीत परकी नाही. बाळशास्त्री जांभेकर याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. १८३२चे ‘दर्पण’ सर्वांना पाठ असते. पत्रकारदिनाच्या भाषणांनी तेवढीच ओळख पक्की करून ठेवली आहे. पण १८४० साली त्यांनी ‘दिग्दर्शन’ मासिक काढले आणि त्यात भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान असे विषय मराठीत मांडले. ते एल्फिन्स्टनमध्ये शिकवत आणि कुलाबा वेधशाळेचे कामही त्यांनी पाहिले. यादीत ‘दिग्दर्शन’ मुद्दाम वर ठेवले आहे. मराठीत विज्ञान लिहिता येईल का, असा प्रश्न आजही परिसंवादात विचारला जातो, तेव्हा हे मासिक टेबलावर ठेवावे.

सर्वांत जास्त जागा विजयदुर्गाने घेतली आहे, आणि ती घ्यावीच. किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात. १८ ऑगस्ट १८६८ रोजी नॉर्मन लॉकियर या साहेबाने इथून खग्रास सूर्यग्रहण पाहिले आणि हेलियम शोधला, अशी कथा. त्या तारखेला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. गजाल गोड आहे. कागद मात्र वेगळे बोलतात. त्या ग्रहणाचा पट्टा भारतावरून गेला हे खरे. फ्रान्सचे जान्सेन आणि ब्रिटिशांचे मेजर टेनंट तेव्हा गुंटूरला होते, लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला. लॉकियर इंग्लंडातच होते. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट त्यांनी ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, तिथूनच टिपला. त्या वर्णपटातली पिवळी रेषा कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याची ठरेना, यातून हेलियमची कल्पना निघाली. पृथ्वीवर तो वायू हाती यायला रॅम्झी यांचे १८९५ साल उजाडावे लागले.

मग विजयदुर्ग खोटा? मुळीच नाही. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर खरोखरच इथे आले. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरच्या खलाशांना त्यांनी निरीक्षणाच्या कामाला जुंपले, आणि त्या मोहिमेचा वृत्तांत रॉयल सोसायटीने छापला. त्याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला सोलापूरकडच्या जेऊरला दुर्बिणी लावून बसले होते. त्यांचा अहवालही छापील आहे. ओट्यांचा विचार या दुसऱ्या तारखेपासून सुरू करावा. माझ्या मते खरी हकिकत कथेपेक्षा सरस आहे, कारण तिच्यात एकट्या साहेबाऐवजी शेकडो हात दिसतात.

वैद्यकाच्या भागात प्लेग येतो तो मुंबईच्या वाटेने. १८९६ची साथ, जानेवारी १८९७मध्ये हाफकिन यांनी आधी स्वतःला टोचून घेतलेली लस, आणि शहर सोडून गावाकडे निघालेली माणसे, हे सारे एकत्र वाचावे. पण एकच लेख वाचायला वेळ असेल, तर हिंमतराव बावस्करांचा वाचा. रायगडात महाडजवळ काम करताना लाल विंचवाने दंश केलेल्या रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, घाम, थंड पडलेले हातपाय यांच्या नोंदी ठेवल्या. १९८२च्या ‘लॅन्सेट’मध्ये हे काम आले. पुढे रक्तदाबावरचे साधे प्राझोसिन वापरल्यावर, एके काळी शंभरात चाळीसपर्यंत जाणारे मृत्यू एकाच्या आसपास आले. माकडतापावरचे, म्हणजे २०१६पासून दोडामार्गकडे काजूच्या बागांत गोचिडींमार्फत पसरलेल्या तापावरचे लेख त्यानंतर घ्यावेत.

हवामानावर जागतिक अहवालांची रास आहे. ती आम्ही शेवटी ठेवली. सुरुवात हापूसच्या मोहरापासून. पाऊस लांबला तर झाड मोहराऐवजी पालवीवर जाते. फळ धरल्यावर थंडी पुन्हा वाढली तर पुनर्मोहर येतो आणि आधीची कैरी गळते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे पुनर्मोहरावरचे काम, वेंगुर्ले केंद्राच्या १९८१च्या ‘रत्ना’ आणि १९९२च्या ‘सिंधू’ या जातींची माहिती, १६ मे २०२१ रोजी ऐन हंगामात किनाऱ्याजवळून गेलेल्या ‘तौक्ते’च्या नोंदी, हे यादीत आहे. बागायतदारांच्या वह्या यादीत नाहीत, कारण त्या घरोघरी आहेत. पहिली पेटी कधी भरली, फवारण्या किती झाल्या हे त्यांत असते. घरात अशी वही असेल तर ती घेऊन या. एका वाईट हंगामाला मात्र लगेच हवामानबदल म्हणू नका. हवामानशास्त्र सरासरीसाठी तीस वर्षे मागते.

शेवटी ग्रंथालयाच्या तालिकेबद्दल. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१चा. त्याआधीचे काही हवे असल्यास या नावाखाली शोधू नये. कुणकेश्वर, देवगड, मालवण रत्नागिरीत सापडतील, सावंतवाडी संस्थान म्हणून वेगळे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा दहावा खंड, १८८०चा, या दोहोंचा मिळून आहे. साप, मासे, बंदरे सगळे त्यात आहे. विजयदुर्गाचे इंग्रजी स्पेलिंग जुन्या कागदांत ‘व्हिझियाद्रुग’ असे काहीतरी दिसते. एका स्पेलिंगने हाती काही लागले नाही, तर दुसऱ्याने पाहावे, आणि तरीही नाही लागले तर ग्रंथपालांना हाक मारावी.