जाळीचे कपाट: ठेवावे की मोडावे?

या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला की संपाचा इतिहास ऐकायला मिळणार, असे श्रोते धरून चालतात. आज आम्ही स्वयंपाकघरातील एका कपाटाचा इतिहास सांगणार आहोत. निमित्त घडले ते असे. ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळीत संघटनेच्या कामासाठी गेलो असता आम्ही एका घरच्या वादात सापडलो. नव्या घरी जाण्याची तयारी चालली होती. मुलाचे म्हणणे, जुने जाळीचे कपाट भंगारवाल्याला द्यावे आणि नव्या घरात ट्रॉलीचे किचन करावे. आईचे म्हणणे, कपाट सागाचे आहे, घासून पॉलिश केले तर आणखी दोन पिढ्या जाईल. दोघांनी आम्हांला पंच नेमले. वाटाघाटींत आमचा जन्म गेला, परंतु असा तंटा पूर्वी पुढे आला नव्हता. चहा घेतला आणि निकाल राखून ठेवला.

कपाट चार पायांचे, दारांना तारेची जाळी. एके काळी त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. बाईंच्या सासऱ्यांनी गिरगावात मोडलेल्या एका घराची तुळई विकत घेऊन ते सुताराकडून करवून घेतले होते. तुळई ब्रह्मी सागाची.

आता हा साग मुंबईत आला कसा? १८६३ साली याच शहरात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन स्थापन झाली. ब्रह्मदेशच्या जंगलांतील सागाचे मक्ते तिने घेतले. ओंडके जास्त तोडून कमी दाखवले, असा आरोप ठेवून १८८५ साली मंडालेच्या दरबाराने तिला सुमारे २३ लाख रुपये दंड ठोठावला. इंग्रज सरकारने त्या भांडणाचे निमित्त केले. नोव्हेंबर १८८५ मध्ये फौज चालून गेली आणि महिना संपण्यापूर्वी मंडाले पडले. थिबा राजाला पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. तेथेच डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला. त्या काळात त्याच रत्नागिरी जिल्ह्यातून माणसे बोटीने मुंबईला येऊन गिरण्यांत शिरत होती. राजा कोकणात कैदेत, आणि त्याच्या रानातला साग गिरगावच्या वाड्यांत खांब, तुळया आणि फडताळांची दारे होऊन उभा! १९४२ साली जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि त्या मालाची वाट बंद झाली. म्हणून जुनी तुळई मोडीत निघाली की सुतार ती सोडीत नसत.

गिरगावच्या घरात निदान भिंतीत फडताळ असे. परळ-लालबागच्या खोलीत मालकाने दिलेली एखादी फळी असली तर नशीब. बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट. १९२० साली ते खाते निघाले आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे त्याने २०७ चाळी बांधल्या. इमारती काँक्रीटच्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यातच स्वयंपाक, त्यातच निजणे, त्यातच बाळंतपण. नेमक्या त्याच दशकात, १९२६ साली, जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी नगरपालिकेच्या घरांसाठी स्वयंपाकघर आखले. कपाटे, खण, ओटा सगळे भिंतीत बसवलेले. भाडेकरू राहायला येण्याआधीच तयार. अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरे तेथे झाली. आमच्याकडे सरकारने चार भिंती दिल्या आणि कपाट ज्याचे त्याने पाहिले.

आणि ते कपाट शोभेचे नव्हते. गिरणगावात कितीतरी बाया एका खोलीत गिरणीकामगारांची खानावळ चालवीत. मांडणी, डबे, जाळीचे कपाट ही त्यांची हत्यारे होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायांना संघटित केले, तेव्हा कोठे स्वयंपाक हाही धंदा आहे हे पुष्कळांच्या ध्यानी आले. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्याला टेकायची सोय हवी, असे १९४८ चा फॅक्टरी ॲक्ट सांगत होता. चुलीपुढच्या बाईसाठी असे कलम नाही. ती आधी धुरात बसून रांधत होती. पुढे गॅस आला (बर्शेनचे सिलिंडर मुंबईत १९५५ पासून) आणि ती ओट्यापाशी उभी राहिली. कपाटाचे खण मात्र बसणाऱ्या बाईच्या हाताच्या उंचीवरच राहिले. आम्हीही सभांतून खोलीचे चौरस फूट मोजले. खण किती उंचीवर हवा हे एकाही बाईला विचारले नाही.

असो. पुन्हा त्या घरी गेलो ते टोचा घेऊन. पाठीमागची फळी ओलीने कुजलेली, जाळी गंजलेली. चौकट व दारे मात्र ठणठणीत. सांधे हलेनात, टोचा आत शिरेना. वरचा ऑइल पेंट दिवाळी-दिवाळीला चढवलेला, खरवडताच खाली तांबूस साग दिसला. असे लाकूड मोडीत घालून त्या जागी भुशाची फळी आणणे आम्हांला पटत नाही. मुंबईच्या पावसात ती फुगते आणि मग तिला दुरुस्ती नाही. पॉलिशबद्दलही एक सांगतो. चपडा लाखेचे पॉलिश दिवाणखान्यात सुंदर दिसते, पण वाफ आणि गरम भांडे लागले की त्यावर पांढरे डाग उमटतात. चुलीजवळ मेलामाइनचा हात बरा.

मुलगा म्हणाला, "पण ट्रॉलीत हात सहज पोचतो." आम्ही आईकडे वळलो. या कपाटात त्रास कशाचा होतो? ती म्हणाली, खालच्या खणासाठी वाकावे लागते आणि गुडघे धरतात. तीस वर्षांत हे तिने कोणाला सांगितले नव्हते, कारण कोणी विचारले नव्हते. तेव्हा निकाल दिला: चौकट ठेवावी, पाठ व जाळी नवी घालावी, आणि खालचा खण काढून सबंध कपाट घडवंचीवर चढवावे. राहिलेल्या भिंतीला मुलाने खुशाल ट्रॉली लावावी. नव्या घराचे क्षेत्र ५०० चौरस फूट आहे, दोघांचेही मावेल.

घडवंची किती उंच करायची, हे ठरेना. मुलाने टेप आणली. आईने भिंतीशी उभी राहून हात पुढे केला, आणि त्याने जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतले.