कसब्यात २०२३ मध्ये भाजप कशामुळे हरला? जात, पक्षनिष्ठा आणि ‘इलेक्टिव्ह मेरिट’चा हिशेब

पुण्यात निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲप ग्रुपवर एक तक्ता फिरू लागतो. मतदारसंघात अमुक समाज इतके टक्के, तमुक समाज इतके टक्के, म्हणून तिकीट अमक्यालाच मिळायला हवं. हा तक्ता सगळ्यात जास्त फिरला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये, कसबा पेठ विधानसभा पोटनिवडणुकीच्या वेळी. २८ वर्षं भाजपकडे असलेली जागा काँग्रेसने जिंकली आणि ‘ब्राह्मण उमेदवार डावलला म्हणून भाजप हरला’ हे वाक्य जणू सिद्ध झाल्यासारखं वापरलं जाऊ लागलं. उपलब्ध आकडे काय सांगतात?

नेमकं काय घडलं होतं?

कसब्याच्या भाजप आमदार मुक्ता टिळक यांचं २२ डिसेंबर २०२२ रोजी कर्करोगाने निधन झालं. २०१७ ते २०१९ या काळात त्या पुण्याच्या महापौर होत्या आणि २०१९ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या. त्यांचे पती शैलेश टिळक हे लोकमान्य टिळकांचे पणतू. उमेदवारी टिळकांच्या घरात राहील, अशी अनेकांची अपेक्षा होती.

भाजपने उमेदवारी दिली हेमंत रासने यांना. महापालिकेच्या स्थायी समितीचं अध्यक्षपद सांभाळलेले रासने हे पक्षाचे जुने कार्यकर्ते, पण ते ब्राह्मण समाजाचे नाहीत. शैलेश टिळक यांनी नाराजी जाहीरपणे बोलून दाखवली. हिंदू महासंघाचे आनंद दवे स्वतः मैदानात उतरले. कोथरूड गेलं, कसबा गेलं, आता पुढचा नंबर बापटांच्या जागेचा का, अशा आशयाचे फलक शहरात झळकले.

समोर काँग्रेसचे रवींद्र धंगेकर होते. राष्ट्रवादी आणि उद्धव ठाकरेंची शिवसेना त्यांच्या पाठीशी होती. ‘हू इज धंगेकर?’ हा चंद्रकांत पाटील यांचा प्रश्न प्रचारात गाजला. २६ फेब्रुवारीला मतदान झालं, २ मार्चला निकाल लागला आणि धंगेकर सुमारे ११ हजार मतांनी जिंकले.

निष्ठेचा मुद्दा इतका का तापला?

यामागे फक्त जात नव्हती. जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत एकेक मत मोलाचं होतं. तेव्हा गंभीर आजारी असलेल्या मुक्ता टिळक रुग्णवाहिकेतून मुंबईला जाऊन मतदान करून आल्या. चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप यांनीही आजारपणात तेच केलं. ३ जानेवारी २०२३ रोजी जगताप यांचंही निधन झालं.

दोन्ही जागांची पोटनिवडणूक एकाच दिवशी झाली. चिंचवडमध्ये भाजपने जगताप यांच्या पत्नी अश्विनी यांना उमेदवारी दिली. कसब्यात टिळकांच्या घरी उमेदवारी गेली नाही. त्यांचे पुत्र कुणाल टिळक यांना प्रदेश प्रवक्तेपद देण्यात आलं. निष्ठा दोघांची सारखी, मग न्याय वेगळा का, हा प्रश्न कार्यकर्त्यांना पडणं स्वाभाविक होतं.

पक्षाचं गणित वेगळं होतं. तिकीट वाटताना पक्ष मागच्या कामाची परतफेड करत नाहीत, ते पुढची जागा मोजतात. या मोजणीला राजकारणाच्या बोलीत ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. गंमत अशी की, यात उमेदवार कसा आहे यापेक्षा इतर लोक त्याला मत देतील का, हाच अंदाज बांधला जातो. आपला पारंपरिक मतदार कुठेही जाणार नाही, असं गृहीत धरलं की नवा मतदार जोडणारा चेहरा जास्त ‘मेरिट’चा वाटू लागतो. नाराजी नेमकी या गृहीत धरण्यावर होती.

कोथरूडमध्ये हेच घडलं, तरी भाजप जिंकला

२०१४ मध्ये कोथरूडमधून मेधा कुलकर्णी सुमारे ६४ हजारांच्या मताधिक्याने निवडून आल्या होत्या. २०१९ मध्ये त्यांना थांबवून भाजपने मूळचे कोल्हापूरचे असलेले चंद्रकांत पाटील यांना उमेदवारी दिली. तेव्हाही ब्राह्मण संघटना नाराज झाल्या आणि ‘बाहेरचा उमेदवार’ हा मुद्दा तापला. तरी पाटील सुमारे २५ हजार मतांनी जिंकले.

मताधिक्य ६४ हजारांवरून २५ हजारांवर आलं ते नाराजीमुळे, असं चटकन वाटतं. प्रत्यक्षात भाजपची मतं घटली नव्हती. २०१४ मध्ये पक्षाला सुमारे १ लाख १ हजार मतं होती, २०१९ मध्ये सुमारे १ लाख ५ हजार. फरक समोरच्या बाजूला पडला. २०१४ मध्ये सगळे पक्ष वेगवेगळे लढले होते. २०१९ मध्ये शिवसेना भाजपबरोबर होती, तर काँग्रेस आणि राष्ट्रवादीने उमेदवार न देता मनसेच्या किशोर शिंदे यांना पाठिंबा दिला. विरोधी मतं एका जागी आली आणि अंतर कमी झालं.

कसब्याच्या मतांची बेरीज-वजाबाकी

हीच पट्टी कसब्याला लावून पाहता येते. २०१९ मध्ये मुक्ता टिळक यांना सुमारे ७५ हजार मतं मिळाली. काँग्रेसचे अरविंद शिंदे यांना सुमारे ४७ हजार, शिवसेनेचे बंडखोर विशाल धनवडे यांना सुमारे १४ हजार आणि मनसेचे अजय शिंदे यांना सुमारे ८ हजार. म्हणजे या तिघांची बेरीज ६९ हजारांच्या आसपास होते. २०२३ मध्ये धंगेकरांना मिळाली सुमारे ७३ हजार.

धंगेकरांच्या विजयाचा मोठा भाग असा आधीपासूनच मतदारसंघात होता, फक्त तो विखुरलेला होता. अर्थात, तिघांचे सगळे मतदार जसेच्या तसे त्यांच्याकडे आले, असं कोणी म्हणू शकत नाही. पण मत एकवटल्याशिवाय हा निकाल लागणं अवघड होतं.

त्याच दिवशीच्या चिंचवडमध्ये उलटं चित्र होतं. अश्विनी जगताप यांना सुमारे १ लाख ३५ हजार मतं पडली. राष्ट्रवादीचे नाना काटे सुमारे ९९ हजारांवर आणि अपक्ष राहुल कलाटे सुमारे ४४ हजारांवर थांबले. काटे आणि कलाटे यांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा जास्त आहे. विरोधक तिथे फुटले आणि भाजप जिंकला.

तरी कसब्यात भाजपची मतं ७५ हजारांवरून ६२ हजारांवर आली, हेही खरं. ही १३ हजार मतं गेली कुठे? दवेंच्या खात्यात तर नक्कीच नाही. त्यांना हजारभरही मतं मिळाली नाहीत. उघड जातीच्या नाराजीवर उभ्या राहिलेल्या उमेदवाराकडे मतदार फिरकले नाहीत. काही मतं धंगेकरांकडे गेली असतील, काही घरीच बसली असतील. मतदान जेमतेम ५० टक्क्यांच्या घरात होतं.

२०२४ ने काय दाखवलं?

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत भाजपने पुन्हा रासनेंनाच उतरवलं आणि काँग्रेसने धंगेकरांना. उमेदवार तेच, त्यांची जात तीच. या वेळी रासने सुमारे १९ हजार मतांनी जिंकले. त्यांची मतं ६२ हजारांवरून सुमारे ९० हजारांवर गेली, धंगेकरांची ७३ हजारांवरून सुमारे ७० हजारांवर आली.

धंगेकरांचा मतदार बराचसा टिकून होता. रासनेंच्या बाजूने मात्र मोठी नवी रांग लागली. ‘ब्राह्मण उमेदवार नाही म्हणून कसबा जातो’ हा नियम असता, तर तो २०२४ मध्येही लागू व्हायला हवा होता. २०२३ मध्ये नाराजी होती, तिने काही मतदारांना थोपवलंही असेल. पण नाराजीला नियम म्हणता येत नाही.

दरम्यान निष्ठेची चक्रंही फिरली. मेधा कुलकर्णी २०२४ मध्ये राज्यसभेवर गेल्या. शिवसेनेतून सुरुवात करून मनसेमार्गे काँग्रेसमध्ये आलेले धंगेकर मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. आणि गिरीश बापट? १९९५ पासून सलग पाच वेळा कसब्याचे आमदार आणि नंतर पुण्याचे खासदार झालेले बापट आजारी असताना, नाकाला ऑक्सिजनची नळी लावून रासनेंच्या प्रचाराला आले होते. निकालानंतर महिन्याभरात, २९ मार्च २०२३ रोजी, त्यांचं निधन झालं. ते स्वतः ब्राह्मण समाजाचे होते, पण त्यांची ओळख सगळ्या पेठांत ऊठबस असलेला नेता अशी होती.

अमेरिकेतला जुना प्रश्न

‘आपल्याला चालेल हो, पण बाकीचे मत देतील का?’ हा प्रश्न फक्त पुण्यात विचारला जात नाही. भारतात राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात, अमेरिकेत मात्र राज्याचा गव्हर्नर थेट लोक निवडतात आणि तिथे हाच प्रश्न वंशाच्या संदर्भात येतो. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसचे कृष्णवर्णीय महापौर टॉम ब्रॅडली जनमत चाचण्यांमध्ये पुढे होते, पण थोडक्यात हरले. मतदार चाचणीत एक सांगतात आणि मतपत्रिकेवर दुसरंच करतात, या समजाला त्यावरून ‘ब्रॅडली इफेक्ट’ हे नाव पडलं. हा परिणाम खरंच किती होता, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

१९८९ मध्ये व्हर्जिनियात डग्लस वाइल्डर निवडून आले. अमेरिकेत लोकांनी निवडून दिलेले ते पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. मताधिक्य ७ हजारांहूनही कमी. ‘इथे शक्य नाही’ असं ठरवून पक्षाने त्यांना उभंच केलं नसतं, तर तो अंदाज चुकीचा होता हे कधीच कळलं नसतं. ‘इलेक्टिव्ह मेरिट’ची खरी अडचण हीच आहे. ज्याला तिकीट मिळत नाही, त्याची परीक्षाच होत नाही.

मग तो टक्केवारीचा तक्ता?

भारतात सगळ्या जातींची मोजणी करून आकडे जाहीर झाले ते शेवटचे १९३१ च्या जनगणनेत. स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनांत फक्त अनुसूचित जाती आणि जमातींचे आकडे येतात. पुढच्या जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केला. म्हणजे ‘कसब्यात अमुक समाज इतके टक्के’ हा फिरणारा आकडा सरकारी नसतो. तो कुणीतरी मतदार यादीतल्या आडनावांवरून बांधलेला अंदाज असतो.

मतदान गुप्त असल्याने कोणत्या समाजाने कुणाला मत दिलं, हेही कुठे नोंदलं जात नाही. निवडणूक आयोगाच्या ‘फॉर्म २०’ मध्ये केंद्रनिहाय मतं मिळतात. त्यावरून सदाशिव पेठेतल्या एखाद्या केंद्रावर काय झालं ते कळतं, पण त्या केंद्रावरच्या कुणी काय केलं ते कळत नाही.

प्रचारात जातीच्या नावावर मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार गैरप्रकार ठरतं. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने ४ विरुद्ध ३ अशा बहुमताने या कलमाचा अर्थ आणखी व्यापक केला. केवळ उमेदवाराचीच नाही, तर मतदाराची जात किंवा धर्म पुढे करून मत मागणंही त्यात धरलं गेलं. तिकीट वाटताना पक्षांच्या बैठकीत जातीचा हिशेब मांडण्यावर मात्र कायद्याची बंदी नाही.

म्हणून पुढच्या निवडणुकीत असा तक्ता आला की तीन गोष्टी तपासता येतात. हरलेल्या पक्षाची मतं खरंच घटली की विरोधी मतं एकवटली? मतदान वाढलं की घटलं? आणि त्याच उमेदवाराचं पुढच्या किंवा मागच्या निवडणुकीत काय झालं? हे तीनही आकडे निवडणूक आयोगाच्या नोंदींत मिळतात. जातीचा टक्का त्यात कुठेही नसतो.