ओढ्याने लावलेले दिवे

विलायतेतल्या घरात विजेचे दिवे लागले ते आधी लंडनच्या एखाद्या सरदारवाड्यात, असा आपला सहज समज व्हायचा. पण पाण्याच्या विजेवर उजळलेले जगातले पहिले घर म्हणून ज्याचे नाव घेतात, ते क्रॅगसाइड लंडनपासून फार दूर, स्कॉटलंडच्या वेशीजवळ नॉर्थंबरलंडच्या डोंगरात आहे. आणि तिथले दिवे लावले एका ओढ्याने!

घराचे धनी विल्यम आर्मस्ट्राँग (१८१०–१९००) हे मूळचे न्यूकॅसलचे वकील. सुट्टीत गळ टाकून बसायचा त्यांना नाद. अशाच एका भटकंतीत पाणचक्कीचे चाक पाहताना त्यांच्या मनात आले, की पाण्याचे बहुतेक बळ इथे फुकट जाते आहे. वकिली सुटली. पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या याऱ्या निघाल्या, १८४७ साली एल्स्विकचा कारखाना उभा राहिला. पुढे क्रिमियाचे युद्ध पाहून गृहस्थ तोफांकडे वळले, आणि पैसा व 'सर' ही पदवी दोन्ही घरी आली. १८६३ मध्ये त्यांनी क्रॅगसाइडचे बांधकाम काढले. त्याच वर्षी न्यूकॅसलला, म्हणजे कोळशाच्या माहेरघरीच, विज्ञानपरिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सांगितले, की इंग्लंडचा कोळसा दोनएक शतकांत सरेल.

१८७८ साली डेब्डन ओढ्यावर सहा अश्वशक्तीचे टर्बाइन व सीमेन्सचा डायनॅमो बसला. दीड हजार वारांवरून तारा घरात आल्या आणि चित्रशाळेत कमानी दिवा पेटला. त्याचा उजेड मात्र डोळे दिपवणारा. घरात नांदणारा नव्हे. दोन वर्षांनी स्नेही जोसेफ स्वान यांनी आपले काचेचे दिवे दिले, तेव्हा कुठे घर उजळले. दिवे होते ४५, पण एका वेळी लागत ३७ च. ओढ्याचा जोर बेताचा. म्हणून जेवणे आटोपली की त्या दालनातला प्रवाह दुसरीकडे वळवायचा! ग्रंथालयातल्या दिव्यांची तऱ्हा आणखी न्यारी. तांब्याच्या मीनाकारी कलशांवर ते बसवलेले. कलश उचलला की दिवा मालवे, परत ठेवला की लागे. जोड साधायला खाली वाटीत पारा असे. पाऱ्याच्या विषाची धास्ती तेव्हा कोणाला?

पुढे दिव्यांची संख्या वाढली तशी १८८६ मध्ये बर्नफूटला नवे वीजघर बांधले. माळावर उंच दोन तलाव करून ठेवले होते, त्यांचे पाणी नळाने सुमारे ३४० फूट खाली आणले. सारी किमया या उंचीत आहे. पाणी जितके उंचावरून कोंडून आणावे तितका त्याचा दाब मोठा. मग थोड्या पाण्यातही चाक जोरात फिरते. शिवाय स्वयंपाकघरातली मांस भाजण्याची सळई पाण्याच्या दाबावर फिरे, घरातला पाळणाही त्याच बळावर वरखाली होई. त्या घरात राबणाऱ्यांचे कष्ट यांतून किती हलके झाले, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही.

आणि हे दिवे पाहायला येत कोण? चीन, जपान, सयाम, इराण इकडचे बडे पाहुणे. त्यांतल्या पुष्कळांचे खरे काम एल्स्विकला असे. तोफा आणि लढाऊ जहाजे तिथे मिळत. १९०५ साली त्सुशिमाच्या लढाईत जपानच्या आरमारातली कितीतरी जहाजे एल्स्विकची होती. डोंगरात ओढा कोळशावाचून दिवे लावीत होता, आणि तिकडे कारखान्याच्या भट्ट्या कोळसा खात होत्या. दोन्हींचा धनी एकच. कोळसा सरेल हे त्यांना कळत होते, तोफांचे काय होते हेही कळत असणारच. तोफांच्या पैशावाचून ते तलाव झाले नसते, हे नाकारता येत नाही. म्हणून त्या उजेडाचे कौतुक जरा हात राखूनच करावे लागते.

१९४५ मध्ये घर बाहेरच्या विजेला जोडले गेले. १९७७ पासून ते नॅशनल ट्रस्टकडे आहे. २०१४ साली ट्रस्टने टंबल्टन तलावाशी आर्किमिडीजचा स्क्रू बसवला. पाणी वर चढवायची ही जुनी युक्ती तिथे उलटी चालते: पाणी वरून खाली उतरताना स्क्रूला फिरवते, आणि घरातले दिवे पुन्हा त्या पाण्यावर लागतात.