माहीत नाही म्हणणाऱ्यांची बैठक

बड्या कंपन्यांत ‘ॲक्शन लर्निंग’, म्हणजे आपल्या खऱ्या अडचणींवर गटात बसून एकमेकांकडून शिकणं, आता विकत मिळतं. हॉटेलचा हॉल, फ्लिपचार्ट, फॅसिलिटेटर आणि शेवटी ग्रुप फोटो. ज्यानं हे सुरू केलं त्या रेजिनाल्ड रेव्हान्सला मात्र बाहेरून येऊन उपदेश करणाऱ्या तज्ज्ञांचं वावडंच होतं.

गडी मूळचा भौतिकशास्त्राचा. शिवाय लांब उडीत तरबेज. १९२८च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेला. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यानं पाहिलं, की भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्डभोवती जमणारे दिग्गज आपलं गाडं कुठं अडलंय ते बैठकीत मोकळेपणानं सांगतात. नोबेलवाल्यांना ज्याची लाज नाही, ती मॅनेजरला का असावी?

खरी कसोटी कोळशानं घेतली. १९४७मध्ये ब्रिटनच्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं आणि नॅशनल कोल बोर्डात शिक्षणाचं खातं रेव्हान्सकडे आलं. व्याख्यानं झोडण्याऐवजी त्यानं खाणींच्या मॅनेजरांचे छोटे गट केले आणि त्यांना एकमेकांच्या खाणी पाहायला लावल्या. ज्याची खाण त्यानं अडचण मांडायची. बाकीच्यांनी सल्ला गिळून आधी प्रश्न विचारायचे. त्यातला कुणी कुणाचा साहेब नव्हता, आणि मला वाटतं सगळी मेख तिथंच आहे. वरिष्ठासमोर ‘जमत नाहीये’ म्हणायला कोण धजतो? खाण जितकी मोठी तितके अपघात आणि तंटे जास्त, असंही त्याच्या आकडेवारीत दिसलं. सगळा कारभार एका छत्राखाली आणू पाहणाऱ्या बोर्डाला हे गोड लागणं कठीणच. १९५०मध्ये त्यानं ती नोकरी सोडली.

मग मँचेस्टरला प्राध्यापकी. तिथं अमेरिकी थाटाचं बिझनेस स्कूल येऊ घातलं, तेव्हा १९६५मध्ये राजीनामा देऊन स्वारी बेल्जियमला. तिथला प्रयोग भलताच धाडसी होता: एका कंपनीचा बडा अधिकारी वेगळ्याच धंद्यातल्या कंपनीत धाडायचा आणि तिथला न सुटलेला पेच त्याच्या गळ्यात घालायचा. नवख्या माणसाला बाळबोध प्रश्न विचारायची मुभा असते, आणि जुन्यांना उत्तर देताना घाम फुटतो.

१९७४मध्ये ब्रिटनच्या जीईसी कंपनीनं ही पद्धत उचलली. पुढं पॅकेजं निघाली. रेव्हान्सचे तीन प्रश्न आजही अशा बैठकांत ऐकू येतात. या अडचणीची माहिती कुणाला आहे? ती सुटावी अशी कळकळ कुणाला आहे? आणि काही करण्याची ताकद कुणाच्या हातात आहे? पहिल्या दोघांची नावं फ्लिपचार्टवर झरझर लिहिली जातात. तिसरा माणूस बहुधा उद्घाटनाचं भाषण करून निघून गेलेला असतो.