समुद्रावरची उसनी नजर

वैतरणा समुद्राला मिळते तिथे उत्तरेच्या काठावर दातिवरे, दक्षिणेला अर्नाळा. दातिवऱ्याजवळच्या टेकडीवर हिराडोंगरीचा छोटा किल्ला आहे. तिथून वर सरकत गेलं की कोरे, एडवण, मथाणे, दांडा, केळवे, माहीम, शिरगाव करत तारापूरपर्यंत किल्ल्यांची रांगच लागते. त्यातले बरेचसे पोर्तुगीजांच्या काळातले, आणि काही इतके लहान की त्यांना किल्ल्यापेक्षा चौकी म्हणणंच बरं. मोठी लढाई देणं हे त्यांचं काम नव्हतंच. खाडीकडे वळणारं गलबत वेळेत हेरायचं आणि पुढच्या ठाण्याला सावध करायचं, एवढ्यासाठी ते होते. १७३७ ते १७३९ च्या वसई मोहिमेत हा किनारा मराठ्यांकडे आला.

बुरुजावरच्या पहारेकऱ्याची अडचण मात्र कुणाच्याही राज्यात सुटली नाही. पाण्यापासून पंधरा मीटर उंचीवर उभ्या माणसाला क्षितिज जेमतेम चौदा किलोमीटरवर दिसतं. तीनशे मीटरवर गेलं तर ते साठ किलोमीटरच्या पलीकडे सरकतं. एवढा बुरूज कोण बांधणार? ते काम विमानाने केलं. समुद्रावर गस्त घालणारं, तासन् तास खाली बघत फिरणारं विमान हा या चौक्यांचाच वंशज आहे, आणि त्याची आपल्या देशातली कुळकथा दातिवऱ्यासारख्या प्रत्येक किनारी गावाची कथा आहे. ती बरीचशी दुसऱ्याने उतरवलेल्या विमानांची आणि उशिरा घेतलेल्या निर्णयांची आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धात झाली. मुंबई, मद्रास, कराची अशा बंदरांजवळ स्वयंसेवक वैमानिकांच्या किनारा संरक्षण तुकड्या उभ्या राहिल्या. मुंबईची तुकडी जुहूला होती. या तुकड्यांच्या वाट्याला वापिटीसारखी जुनी, दोन पंखी विमानं आली; वायव्य सरहद्दीवर झिजलेला तो प्रकार समुद्रावर पाठवला गेला. १९४२ च्या अखेरीस तुकड्या मोडल्या.

पुढची पिढी तर भंगारातून उठली. युद्ध संपलं तेव्हा कानपूरला ब्रिटिश हवाई दलाची अमेरिकी बनावटीची लिबरेटर बॉम्बर विमानं पडून होती. ती पुन्हा कुणाच्या कामी येऊ नयेत म्हणून जाताना मुद्दाम मोडून ठेवलेली: इंजिनात वाळू ओतलेली, उपकरणं फोडलेली, पत्र्याला भोकं पाडलेली. १९४८ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या माणसांनी एकाचे भाग दुसऱ्याला जोडत ती उडण्याजोगी केली आणि मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. अशी चाळीसच्या आसपास विमानं देशाला मिळाली. १९५१ मध्ये पुण्याला हवाई दलाची सहा क्रमांकाची स्क्वाड्रन याच लिबरेटरांवर पुन्हा उभी राहिली आणि अरबी समुद्रावरची लांब पल्ल्याची नजर तिच्याकडे आली. १९६८ च्या अखेरीपर्यंत ही विमानं उडत होती. जगात इतरत्र लिबरेटर जवळजवळ संपली होती, म्हणून परदेशी संग्रहालयांनी ती आपल्याकडूनच मागून नेली. लंडनच्या हवाई दल संग्रहालयाला १९७४ मध्ये मिळालेलं लिबरेटर याच सहा क्रमांकाच्या स्क्वाड्रनचं. ज्या हातांनी मोडलं त्यांच्याच घरी ते उडत परत गेलं. ही गोष्ट मला कानपूरच्या आणि बंगळूरच्या त्या मेकॅनिकांसाठी फार महत्त्वाची वाटते. त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत.

लिबरेटरनंतर पाळी आली सुपर कॉन्स्टेलेशनची. ही एअर इंडियाची जुनी प्रवासी विमानं. जेट आल्यावर कंपनीला ती नकोशी झाली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलाकडे आली. त्यातलं एक आज गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात उभं आहे. एअर इंडियात त्याचं नाव होतं 'रानी ऑफ एलोरा'. लांब, पाठीत किंचित वाकलेलं धड आणि मागे तीन शेपट्या. आपल्या वेरूळचं नाव मिरवत परदेशी गेलेली ही राणी उतारवयात शत्रूच्या बोटी शोधत फिरली.

१९७१ च्या युद्धात या व्यवस्थेची उणीव उघडी पडली. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या किनाऱ्यापुढच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आयएनएस खुकरी ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, सतरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खंबातच्या आखाताच्या तोंडाशी एका बाजूला दीव आहे आणि दुसऱ्या बाजूला आपला पालघरचा किनारा. हंगोरचा कित्येक दिवस पाठलाग झाला, तरी ती निसटून कराचीला पोचली. विमानवाहू नौका विक्रांतवरची फ्रेंच अलिझे विमानं पाणबुड्या शोधणारी होती, पण छोटी आणि मोजकी. त्यांतलं एक त्या शोधकाळात शत्रूच्या लढाऊ विमानाने पाडलं. लांबवर जाणारी विमानं हवाई दलाकडे आणि पाणबुडीशी लढायची जबाबदारी नौदलाकडे, अशी विभागणी होती. ती पाच वर्षं तशीच राहिली. १९७६ मध्ये निकाल नौदलाच्या बाजूने लागला आणि १८ नोव्हेंबरला पाच सुपर कॉन्स्टेलेशन घेऊन नौदलाची ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन गोव्यात सुरू झाली. तोवर मुंबई हायला तेल लागून दोन वर्षं झाली होती, म्हणजे राखायला समुद्रात एक नवं घरही होतं.

नौदलाला खरोखर पाणबुडी शोधणारं पहिलं मोठं विमान मिळालं ते १९७७ मध्ये, सोव्हिएत आयएल-३८. पाश्चात्त्य विमानांचाही विचार झाला होता; ती परवडणारी नव्हती. हे आयएल-३८ सुद्धा मुळात आयएल-१८ या प्रवासी विमानाचा अवतार. त्यात कमीपणा काहीच नाही. ब्रिटिशांचं निमरॉड कॉमेटपासून झालं, अमेरिकेचं ओरायन इलेक्ट्रापासून. बारा-बारा तास उडायचं, आत डझनभर माणसांनी पडद्यांपुढे बसायचं, तर प्रवासी विमानाचं ऐसपैस पोट सोयीचंच पडतं.

त्या पोटातली एक वस्तू जवळून बघण्यासारखी आहे: सोनोबॉय. साधारण मीटरभर लांबीची नळी. विमानातून खाली सुटली की छोटी छत्री उघडते. पाण्याला लागल्यावर तिचे दोन भाग होतात. वर अँटेना घेऊन तरंगणारा तुकडा, आणि खाली वायरच्या टोकाला खोल जाणारा मायक्रोफोन. पाणबुडीच्या पंख्याचा आवाज खालून वर येतो आणि रेडिओने विमानात पोचतो. अशा नळ्यांची ओळ टाकत जायची आणि कोणत्या नळीत आवाज मोठा होतोय ते ऐकायचं. काही तासांनी बॅटरी संपते, नळी आपोआप बुडते. मच्छीमाराच्या जाळ्यात असली एखादी नळी अडकली तर तिला हात न लावता पोलिसांना कळवावं.

आयएल-३८ पाचच होती. १ ऑक्टोबर २००२ ला, ३१५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनच्या रौप्यमहोत्सवाच्या दिवशी, दाबोळीवर त्यातली दोन हवेत एकमेकांवर आदळली. दोन्हीतले सगळे नौसैनिक गेले, खाली जमिनीवरचेही काही जण दगावले. उरली तीन. रशियाने आणखी दोन दिली, नवी यंत्रणा बसवून दिली आणि मूळची १९७७ ची पिढी पुढे ओढली गेली. शेवटचा निरोप ३१ ऑक्टोबर २०२३ ला दाबोळीतच झाला. सेहेचाळीस वर्षं. १९८८ मध्ये आलेली आठ अजस्र टीयू-१४२ त्याआधी, मार्च २०१७ मध्येच निवृत्त झाली होती.

जुन्यांच्या जागी आलं पी-८आय, बोइंग ७३७ च्या कुळातलं. आठ विमानांचा, २१० कोटी डॉलरचा करार १ जानेवारी २००९ ला झाला. मुंबईवरच्या हल्ल्याला तेव्हा सव्वा महिना झाला होता, पण वाटाघाटी त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होत्या. पहिलं विमान तमिळनाडूत अरक्कोणमला उतरलं १५ मे २०१३ ला. सहीपासून चाकं टेकेपर्यंत चार वर्षं, आणि सहीच्या आधीची वर्षं वेगळीच. २०१६ मध्ये आणखी चार मागवली. गोव्यात त्यांची स्क्वाड्रन मार्च २०२२ मध्ये आली. आणखी सहा घेण्याला संरक्षण खरेदी परिषदेने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली आणि २०२१ मध्ये अमेरिकी सरकारने विक्रीला होकार दिला, अंदाजे किंमत २४२ कोटी डॉलर. त्यानंतरही गाडं किमतीवर अडून राहिलं.

घासाघीस व्हायलाच हवी, पैसा जनतेचा आहे. माझी तक्रार वेळेबद्दल आहे. विमान थकल्यावर नवं शोधायला निघायचं ही आपली रीत पडली, आणि मधल्या रिकाम्या वर्षांची किंमत कुठल्याच निविदेत लिहिलेली नसते. ती समुद्रावरच्या माणसांच्या हिशोबात पडते. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हायजवळ पी-३०५ हा तराफा बुडाला तेव्हा पाण्यातली माणसं शोधायला पी-८आय फिरत होतं. त्याच वादळात भरकटलेला गाल कन्स्ट्रक्टर हा दुसरा तराफा आमच्या पालघरच्या किनाऱ्याला, वडराईपाशी, येऊन लागला. त्यावरची १३७ माणसं हेलिकॉप्टरांनी उचलली. वादळाची चाहूल लागली की तटरक्षक दलाची डॉर्निअर विमानं बोटींवरून फिरत रेडिओवर माघारी जायला सांगतात. हे विमान शत्रूइतकंच मच्छीमारासाठीही असतं.

आणि त्यालाही मर्यादा आहे. २००८ मध्ये दहशतवाद्यांनी पळवलेली कुबेर ही गुजरातची मच्छीमार बोट इथल्याच पाण्यातून मुंबईकडे गेली. वरून ती शेकडो बोटींसारखी एक बोट होती. म्हणून पुढे राज्याराज्याचे बोटींचे रंग ठरले, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. अनोळखी बोट ओळखणारा डोळा दातिवऱ्याच्या खलाशाचाच. विमान त्याची हद्द वाढवतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये संरक्षण खरेदी परिषदेने मध्यम पल्ल्याच्या सागरी गस्ती विमानांना मान्यता दिली. त्यासाठी सी-२९५ च्या सांगाड्यावर नौदलाकरता नऊ आणि तटरक्षक दलाकरता सहा विमानं करायची योजना आहे. हा सांगाडाही मालवाहू विमानाचाच, पण या वेळी त्याच जातीच्या विमानांची जुळणी बडोद्याला टाटांच्या कारखान्यात होते आहे, म्हणजे दातिवऱ्याहून रेल्वेने काही तासांच्या अंतरावर. डहाणूजवळ वाढवण बंदर उभं राहिलं की याच पाण्यात मोठ्या जहाजांची वर्दळ सुरू होईल. पहिल्या पी-८आयला २०३३ मध्ये वीस वर्षं पूर्ण होतात. मागचा अनुभव धरला तर त्याच्या वारसाची फाईल आत्ताच उघडायला हवी.